बाबा, छपरावर चढू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर धड काही सांगून होत नाही. आई विचारते एक आणि बाबा मधूनच बोलतात भलतंच, म्हणून हे पत्र. ताकायामा आणि शिराकावा-गो ही इथली जपानी डोंगरातली गावं बघून सुखरूप नागोयाला परत आले. सर्दी नाही, पडसं नाही. आई, तुझी कानटोपी बसमधून उतरताना घातली ती झोपतानाही काढली नाही. लॅबमधल्या मैत्रिणी आधी हसल्या, मग एकीने तशीच विकत घेतली.

नागोयात लख्ख ऊन आणि कोरडे रस्ते. तिथून बसने अडीच-तीन तास उत्तरेला गेलं की सगळीकडे पांढरं. बाबा, याचं कारण तुम्हाला लगेच कळेल. सैबेरियाकडून येणारं कोरडं, बोचरं वारं जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतं, मधल्या डोंगरांना अडतं आणि सगळं बर्फ तिथंच टाकून मोकळं होतं. महाबळेश्वरला धो धो आणि आपल्या वाईत भुरभुर, तोच प्रकार. ताकायामाहून शिराकावा-गोला जाताना दहा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. आत शिरताना बाहेर हातभर बर्फ होता, पलीकडे निघालो तर रस्त्याच्या कडेला माझ्या डोक्यावर जाईल एवढी भिंत!

ताकायामात सगळे सानमाचीची जुनी गल्ली बघायला जातात. काळपट लाकडी घरं, साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्यांची दुकानं. छान आहे, पण फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड की घरं दिसायला मान वर करावी लागते. मला आवडली ती जिन्या, म्हणजे शोगुनची (पूर्वी जपानचा कारभार हाती असलेल्या सेनापतीची) कचेरी. १६९२ साली शोगुनने हा हिदा प्रांत थेट आपल्या ताब्यात घेतला, मुख्यतः इथल्या इमारती लाकडावर डोळा ठेवून. अशा कचेरीची मूळ इमारत साऱ्या देशात ही एकच उरली आहे. आत बूट काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन हिंडायचं. फरशी नाही, लाकूडच आहे, तरी दोन मोजे घालूनही तळपाय बधिर झाले. छपराला कौलांऐवजी लाकडाच्या पातळ फळ्या. त्या खराब व्हायला लागल्या की उलटसुलट करून पुन्हा वापरायच्या. ते ऐकलं आणि बाबा, तुम्हीच आठवलात. का ते पुढे सांगते.

आई, खाण्याचं विचारलंस. जेवणात बहुतेक ठिकाणी माशाचं पाणी असतंच, तेव्हा बघून खावं लागतं. पण नदीकाठच्या सकाळच्या बाजारात तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला टोचून, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजून देतात. इतर ठिकाणी ते गोड असतात, इथे खारट. दोन काड्या खाल्ल्या की न्याहारी झाली. हात शेकायला निखारे फुकट.

शिराकावा-गोची घरं तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असतील. १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. छप्पर गवताचं, जाडजूड, जवळजवळ साठ अंशांचा उतार, म्हणजे बर्फ फार काळ टिकू नये. वादा घराण्याच्या घरात माळ्यावर जाता येतं. तिथे पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. वर तुळया, वासे सगळे दोरांनी आणि ओल्या डहाळ्यांच्या पिळांनी बांधलेले, खिळा नाही. खाली चूल पेटती ठेवायची, धुराने गवताला कीड लागत नाही. धुराचा तो वास माझ्या स्वेटरला अजून आहे, आणि मी तो मुद्दाम धुतलेला नाही. गवत बदलायची वेळ तीसेक वर्षांनी येते. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे गावातली शंभर-दोनशे माणसं एकदम एका छपरावर चढतात आणि एक बाजू दिवस-दोन दिवसांत पुरी करतात. कुणी मजुरी घेत नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.

हे झालं गवताच्या छपरांचं. साध्या घरांच्या पत्र्यांवरचं बर्फ मात्र दर हिवाळ्यात वर चढून खाली लोटावं लागतं. आम्ही उतरलो त्या घरासमोर एक आजोबा चढले होते. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक पलीकडे बांधलेलं, डोक्यावर हेल्मेट. खाली आजी उभ्या. त्या काही करत नव्हत्या, नुसत्या वर बघत होत्या. मला वाटलं, थंडीत उगाच कशाला उभ्या! घरमालकीण म्हणाली, तेच त्यांचं काम आहे. एकट्याने चढायचं नाही, खाली कुणीतरी हवंच. छपरावरून पडून दरवर्षी माणसं दगावतात आणि त्यांत जास्त म्हातारीच असतात. तिच्या नवऱ्याने सत्तरीनंतर चढणं सोडलं. आता शेजारचा मुलगा येतो, ही त्याला जेवू घालते.

बाबा, तुमचीही सत्तरी झाली. मागच्या मे महिन्यात कौलं शाकारायला तुम्ही एकटेच वर गेलात, आई देवळात होती, आणि मला हे कळलं ते काकूकडून, तेही ऑगस्टमध्ये. बीपीची गोळी घेऊन कुणी शिडी चढतं का? 'मला कुणाचं काम पसंत पडत नाही' हे माहीत आहे. मग खाली अंगणात खुर्ची टाकून बसा आणि काम करणाऱ्याला हव्या तेवढ्या सूचना द्या. मजुरी मी पाठवते, शिकवण्यांचे पैसे साठले आहेत. एप्रिलमध्येच माणूस ठरवा, पावसाच्या तोंडावर कुणी मिळत नाही. कोपऱ्यावरच्या सुताराच्या मुलाला मी फोन करू का? तुम्ही नाही म्हणालात तरी करणार आहे.

आई, शिडी काकांकडे नेऊन ठेव.

तुमची,
मनू