पाणी बघत बसलेल्या मिस्त्रीजींना

मिस्त्रीजी, नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे. हिंदीची आणि मराठीची लिपी एकच, त्यामुळे वाचायला अडचण नाही. आणि सासूबाई मराठीत जे पुटपुटत होत्या ते सगळं तुम्हाला कळत होतं, हे शेवटच्या दिवशी तुम्ही हसून कबूल केलंत. उभा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांची डागडुजी करण्यात गेला, त्या माणसाला 'हा म्हातारा नुसता बसून मजुरी घेतोय' एवढं मराठी कळू नये होय? तर आधी त्या वाक्याची माफी. आभार मागाहून.

बसला होतात हे मात्र खरं. गेल्या वर्षीच्या पहिल्या पावसात तीन दिवस, मागच्या अंगणात, पालथ्या घमेल्यावर, छत्री धरून. आम्ही बोलावलं होतं वाड्याची भिंत दाखवायला, आणि तुम्ही भिंतीकडे पाठ करून जमिनीवरचं पाणी बघत होता.

दुखणं भिंतीचंच होतं. ओल चार फुटांवरून सात फुटांवर चढलेली, रंगाचे पोपडे, लोणा म्हणजे भिंतीवर फुटलेला क्षार. देवघराच्या बाजूचा दगड बोटानं खरवडला तरी वाळूसारखा गळायचा. मामंजींनी पूर्वी ओल थांबावी म्हणून खालचा चार फुटांचा पट्टा सिमेंटनं गिलावून घेतला होता. त्या काळी सगळेच घेत, त्यांना बोल नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "सीमेंट ने पानी रोका नहीं बहूजी, उसे ऊपर का रास्ता दिखा दिया."

मी तेहतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. चुनखडी भाजली की कळीचा चुना, त्यावर पाणी ओतलं की विझलेला चुना, आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी. हे चक्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल. पण तेच माझ्या देवघरामागे चाललं आहे हे कधी डोक्यात आलं नाही. चुन्याची भिंत जमिनीतलं पाणी ओढते, तशी वाऱ्यावर सोडूनही देते. ती वाट सिमेंटनं बुजवली की पाणी आतल्या आत वर सरकतं, सिमेंट संपेल तिथं बाहेर पडतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि पाणी उडून गेलं की ते क्षार दगडाच्या पोटात स्फटिक होऊन त्याला आतून फोडतात. शाळेतली सगळी वर्षं एका वाक्यात उलटी करून दाखवलीत तुम्ही.

तरीही पहिला खड्डा भिंतीपाशी नाही, अंगणात घेतलात. आठ वर्षांपूर्वी गाडी लावायला म्हणून आम्ही हौसेनं पेव्हर ब्लॉक बसवले होते. त्यांचा उतार वाड्याच्या जोत्याकडे! हे तुम्हाला तीन दिवसांत दिसलं, आम्हाला आठ वर्षांत नाही. ब्लॉक उचलल्यावर खाली जुन्या फरश्या निघाल्या आणि तुळशी वृंदावनापासून विहिरीकडे जाणारी वीतभर रुंदीची दगडी पन्हळ. तिच्यात माती, बाटल्यांची बुचं आणि माझ्या दिरांच्या लहानपणीच्या अकरा गोट्या. पणजेसासऱ्यांच्या वेळी पावसाचं पाणी विहिरीत जात होतं. आम्ही ते भिंतीला पाजत होतो. 'वाडा दुरुस्त करायचाय की बाग?' असे फोन पुण्याच्या भाऊबंदांकडून आले. ते किस्से इथे नकोत, घरचे आहेत.

तुमच्या आधी एक ठेकेदार येऊन गेला होता. वीस दिवसांत काम, दगडावर वाळूचा फवारा मारून वर चकचकीत पॉलिश. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. दर्शनी जाळ्यांवर ऑइलपेंटचे इतके थर होते की नक्षीची भोकं निम्मी बुजलेली. तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, आधी हजिऱ्याला जाऊन सूफी संत गौस मोहम्मदांच्या मकबऱ्याच्या जाळ्या बघून या, मग बोलू. इतकी वर्षं ग्वाल्हेरात राहते, तानसेन समारोहाला दर वर्षी जाते, त्याच आवारात तानसेनाची समाधी. पण त्या जाळ्यांकडे अशी निवांत कधी बघत बसले नव्हते. सोळाव्या शतकातलं काम. दगडाची कड अजून हाताला जाणवते, कारण वरचं कातडं शाबूत आहे. वाळूच्या फवाऱ्यानं तेच आधी जातं, आणि मग आतला मऊ दगड उन्हापावसाला उघडा पडतो. परत आल्यावर ठेकेदाराला मीच नाही म्हणून कळवलं. आपल्या दोन जाळ्यांना तीन महिने लागले. लेप लावून रंग मऊ करायचा आणि बांबूच्या चिपेनं काढायचा. जाळीच्या काही भोकांत अजून लाल रंग दिसतो. तो तुम्ही मुद्दाम ठेवलात, 'ज़िद करेंगे तो पत्थर जाएगा' म्हणून.

चुन्याच्या कामाबद्दल लिहायला बसले तर हे पत्र संपायचं नाही. खड्ड्यात विझवलेला चुना महिनाभर पाण्याखाली, मग सुरखी म्हणजे विटांची पूड, मग गूळ, मेथी आणि बेलफळाचं पाणी. शेजारच्या काकू वास घेत आल्या आणि विचारू लागल्या, पाक कसला करताय? गच्चीवरचे डांबराचे थर निघाले, हजार हजार लिटरच्या तीन टाक्या उतरल्या. जयविलास महालात झुंबरं टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर हत्ती चढवले होते असं आपल्याकडे सांगतात. आम्ही भरल्या टाक्यांचे तीन टन जुन्या दगडी पट्ट्यांवर ठेवून तीच परीक्षा वीस वर्षं घेत होतो. एक पट्टी तडकलेली निघाली. तिच्या जागी बसवलेली पट्टी दोन गल्ल्या पलीकडे पाडलेल्या वाड्याची आहे. तिथं मी हळदीकुंकवाला जायची. आता त्यांचं छत आमच्या डोक्यावर आहे, आणि याचं काय वाटून घ्यावं ते मला अजून कळलेलं नाही.

कोबा घालताना सहा बायका ओळीत बसून थाप्यांनी ठोकत होत्या. थापी आपणहून उसळायला लागेपर्यंत ठोकायचं, हे तुमचं माप. मे महिन्यात मात्र तुम्ही काम बंदच ठेवलंत. पंचेचाळीस अंशांत चुना धरण्याआधीच वाळतो आणि त्याला भेगा जातात, हे कारण मला पटलं. पण चार महिन्यांचं काम चौदावर गेलं हे विसरलेले नाही. आभाराच्या पत्रातही लिहून ठेवते.

गणपतीत गल्लीतले सगळे बघून गेले. निकाल सांगते. काकूंचं म्हणणं, एवढा पैसा ओतून जुनंच दिसतंय. त्यांचा नातू म्हणाला, इथं पंख्याशिवाय बसता येतं. पानवाल्या भैयांनी पन्हळीत बादलीभर पाणी ओतून ते विहिरीपर्यंत चालत पाहिलं आणि पुन्हा एक बादली ओतली. पुण्याच्या दिरांनी गोट्या मोजून घेतल्या, बारावी कुठं म्हणून विचारलं. गाडी आता रस्त्यावर उभी असते, त्यावरून यजमान रोज एकदा बोलतात. सासूबाई काही बोलल्या नाहीत. देवघराच्या भिंतीला तळवा लावून उभ्या राहिल्या, आणि तुमच्यासाठी शिधा बांधायला सांगितला. चकली तुमच्या नातीला आवडते हे त्यांच्या लक्षात होतं.

पैशांचा हिशेब झाला, तो या पत्राचा विषय नाही. आभार त्या तीन दिवसांचे, ज्यांची मजुरी तुम्ही नंतर बिलात लावलीच नव्हती. यजमानांच्या ते आता ध्यानात आलंय. मुलगा घेऊन येईल. नाही म्हणू नका.

देवघरामागचा तुकडा अजून पुरता सुकलेला नाही. दर महिन्याला ओलीच्या कडेवर पेन्सिलीची रेघ मारून तारीख घालायला सांगितलंत, तशी घालते आहे. काल पाचवी रेघ मारली. चौथीपेक्षा चार बोटं खाली आहे.

तुमची,
वाड्यातली बहूजी
लष्कर, ग्वाल्हेर