‘बरे वाटताच बंद’ करायची गोळी ही नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्नायूंच्या आखडण्यावरचा लेख आमच्या नणंदबाईंनी फोटो काढून पाठवला. खाली मजकूर : ‘वहिनी, दादाच्या गोळ्या आता तरी कमी कर. पेपरात आलंय.’ पेपरात आलंय म्हटल्यावर आमच्यासारख्यांनी काय बोलायचे!

लेखकमहाशयांनी बॅक्लोफेन आणि टिझानिडिन ही मज्जासंस्थेच्या आजारांतल्या ताठरपणावरची औषधे आणि कंबर धरल्यावर चार दिवस घ्यायच्या गोळ्या एकाच पंगतीला बसवल्या आहेत आणि वर ‘बरे वाटताच बंद कराव्यात’ असा आशीर्वादही दिला आहे. मणक्याची दुखापत, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी यांत येणारा ताठरपणा म्हणजे कंबर धरणे नव्हे, एवढे तरी कोणीतरी तपासायला हवे होते. आमच्या ह्यांना बॅक्लोफेन सुरू झाले ते ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. मग दर तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवत नेले. कमी करायचे तरी तसेच, पायरीपायरीने आणि डॉक्टरांना विचारून.

एकदम थांबले तर काय होते, ते गेल्या विसर्जनात पाहिले. आदल्या दिवशी नेहमीच्या औषधदुकानात बॅक्लोफेनच नाही. ‘‘दोन-चार दिवस नाही घेतली तर काही बिघडत नाही हो काकू,’’ असे म्हणत दुकानदाराने दुसरीच पट्टी पुढे सरकवली, ‘‘ही पण मसल रिलॅक्संटच आहे, स्नायू सैल करणारी.’’ मी ती घेतली नाही. पण लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता सगळे मिरवणुकीचे. आणायला जाणार कुठे आणि कोण? दुसऱ्या रात्री ह्यांचे गुडघे आपोआप छातीशी ओढले जाऊ लागले. व्हीलचेअरचा पट्टा लावता येईना. अंग तापले, आणि हे पंख्याकडे बोट दाखवून ‘‘त्याला खाली उतरव’’ म्हणू लागले. पंख्यावर कोणीही नव्हते. बाहेर ढोल, आत हे. रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘‘गोळी कधीपासून चुकली?’’ ही गोळी अचानक थांबली तर भास होतात, ताप चढतो, फिट्सही येऊ शकतात. तुमच्या लेखात यावर एक ओळ नाही.

उलट, जास्त झाली तरीही पंचाईत. पाय ताठ असतात म्हणूनच हे वॉकर धरून मिनिटभर उभे राहतात. डोस वाढला की गुडघ्यातून मोडतात. हे औषध बरेचसे मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालते का ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेल्या माणसाला नेहमीच्या डोसनेही गुंगी येते, बरळायला होते. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर विचारूच नका. आणि ज्या टिझानिडिनला तुम्ही ‘सौम्य पर्याय’ म्हटले, ते सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर चालत नाही. रक्तदाब धाडकन उतरतो. मणक्याच्या रुग्णांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो, तेव्हा हे अँटिबायोटिक हमखास लिहून मिळते. त्यामुळे आधीची चिठ्ठी नव्या डॉक्टरांसमोर ठेवायचीच. शिवाय, अचानक ताठरपणा वाढला तर आधी लघवीचा संसर्ग नाही ना, पोट साफ आहे ना ते बघायचे, गोळी नंतर. हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितले, पुरवणीने नाही. पुरवणीत त्या जागी मालिशच्या तेलाची पाव पान जाहिरात होती.

खुलासा छापावा, आणि लेखाच्याच टायपात. तळाला, हवामानाखाली नको.

आपली,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०
(नाव छापू नये. औषधवाले ओळखीचे आहेत.)

ता. क. : त्याच ओळखीच्या औषधवाल्यांना कोणीतरी सांगा, दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या कापून देताना नाव आणि मुदतीची बाजू स्वतःकडे ठेवू नये. आमच्या डब्यात अशा बिननावाच्या पांढऱ्या गोळ्यांचे तीन तुकडे आहेत. यावर लेख आला तर वाचेन.