उशिराची शिक्षा मुलाला नको

महोदय,

शाळा भरल्यावर फाटकाबाहेर थांबवून ठेवलेली लहान मुले दिसली की मला आजही अपराधी वाटते. मी प्राथमिक वर्गांना शिकवते. सुरुवातीची काही वर्षे मीही उशिरा आलेल्यांना हजेरी संपेपर्यंत दाराशी उभे करायचे, सगळ्यांदेखत कारण विचारायचे आणि वहीत लाल शाईने शेरा लिहायचे. शिस्त अशीच लागते, अशी माझी समजूत होती. मग एकदा दुसरीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, मी कधीची तयार होते. बाबांना किल्लीच सापडत नव्हती.” त्या दिवसापासून मी एकाही मुलाला दाराशी उभे केलेले नाही.

सात वर्षांचे मूल घरातली सकाळ ठरवत नाही. ती मोठी माणसे ठरवतात. मग उशिराबद्दल बोलायचे तर मोठ्यांशीच बोलायला हवे.

वेळेवर येण्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. रोजची दहा मिनिटे म्हणजे वर्षाच्या 200 दिवसांत 2000 मिनिटे, चाळीस मिनिटांच्या तब्बल 50 तासिका! पालकसभेत हा हिशेब फळ्यावर मांडला की पालक चमकतात. शिवाय तास बुडतो तो बहुधा एकाच विषयाचा, कारण पहिली तासिका बऱ्याचदा ठरलेली असते. पण मला त्याहून जास्त टोचते ते वेगळेच. परिपाठ झालेला असतो, दिवसभरात काय करायचे ते सांगून झालेले असते, जोड्या जमलेल्या असतात आणि हे मूल सगळ्यांच्या नजरा झेलत आत येते. कितवे पान चालू आहे हेही शेजाऱ्याला विचारावे लागते. त्याचे मन स्थिरावेपर्यंत बराच वेळ जातो.

सकाळची घाई खरे तर आदल्या रात्रीच सुरू होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. सहाला उठायचे असेल तर नऊच्या आत अंथरुणात असायला हवे. दप्तर, गणवेश, बूट रात्रीच जागेवर ठेवले तर सकाळचा निम्मा आरडाओरडा वाचतो. किशोरवयात मात्र शरीराचे घड्याळच पुढे सरकते, झोप उशिराच येते. त्या मुलांना आळशी म्हणण्याआधी शाळांनी आपल्या वेळेचाही विचार करावा.

शाळेच्या चुका इथेच संपत नाहीत. ‘उद्या रंगीत कागद आणा’ असा निरोप रात्री दहाला पाठवायचा आणि सकाळी धावपळ झाली की पालकांना बेशिस्त म्हणायचे, हा अन्याय आहे. फाटकावर मुलासमोर त्याच्या आईला सुनावणे तर अक्षम्य. पालकांनीही ‘सांग, पोट दुखत होतं’ असे पढवून मुलाला पाठवू नये. सांगणाऱ्याला हे साधे वाटते, पण मूल त्यातून खोटे बोलायला शिकते. आणि वर्ग सुरू होताना दाराशी बाईंना गाठून प्रगतीची चौकशी करू नये. वेळ मागून घ्या, शिक्षक आनंदाने देतील.

एका मुलाला रोज उशीर व्हायचा. शेरे लिहून काही फरक पडला नाही. शेवटी एका संध्याकाळी मी त्याच्या आईला फोन केला आणि एवढेच विचारले, “सकाळी तुमची फार धावपळ होते का?” त्या रात्रपाळी करून नेमक्या त्याच वेळी घरी पोहोचत होत्या. वर्षभर हे मला ठाऊकच नव्हते. दप्तर रात्री भरायचे आणि मुलाने शेजारच्या वर्गमित्राबरोबर यायचे, असे आम्ही दोघींनी मिळून ठरवले. अधूनमधून उशीर अजूनही होतो, पण रोजचा थांबला.

आता दाराजवळचा एक बाक मी मोकळा ठेवते आणि चालू पानाचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते. उशिरा आलेले मूल गुपचूप बसते आणि कामाला लागते. उशिराचे कारण मी संध्याकाळी पालकांना विचारते. सर्व मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे : फाटकाबाहेर मुलांना उभे करणे उद्यापासून बंद करा.

– एक वर्गशिक्षिका