पडद्यालाही अहिराणी येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. गेल्या जूनमध्ये बी कसं रुजतं याचा चार मिनिटांचा व्हिडिओ वर्गातल्या टीव्हीवर लावला. चित्रं सुरेख, आवाज स्वच्छ, पण भाषा 'बीजावरण', 'आदिमूळ' अशी. मुलं बघत होती, ऐकत कोणीच नव्हतं. मध्येच एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सरकी बी आशीच उगस का?" मी व्हिडिओ तिथेच थांबवला.

दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून उरलासुरला कापूस आणला, बोटांनी सरकी सोडवली. (पाकिटातल्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नये.) सरकी ओल्या फडक्यात बांधून ठेवली. पाचव्या दिवशी फडकं सोडलं तर आत पांढरी मुळं. मग तोच व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा लावला. आता मुलंच सांगत होती, "हाई मूय शे! पहिले मूयच निंघस!" (हे मूळ आहे, पहिलं मूळच निघतं.)

टीव्ही नसता तर मातीच्या आत काय चाललंय ते मी त्यांना दाखवू शकले नसते, हे मला मान्यच आहे. पण तो नुसता लावून दिला असता तर चार मिनिटं वाया गेली असती.

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, २०१७ पासून 'दीक्षा' हा सरकारी ऑनलाइन शिक्षण मंच आहे. साहित्याला तोटा नाही, पण त्यात आमच्या मुलांची बोली, अहिराणी, कुठे आहे? सोलापूर जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा क्यूआर कोडची चर्चा फार झाली. त्यांनी मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये, पुस्तकं उतरवली होती, हे मात्र मागे पडलं. आमच्याकडे निदान मराठी कानावर असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पावरी, भिली बोलणाऱ्या पोरांना पहिलीत ती परकीच वाटते.

आणि विजेचं काय? आमचा टीव्ही लोकवर्गणीतून आला. बिल थकलं म्हणून गेल्या हिवाळ्यात शाळेची वीज तोडली आणि दोन महिने टीव्हीवर चादर होती. शेवटी गावानेच पुन्हा वर्गणी काढून बिल भरलं. संच घ्यायला पैसे निघतात, मग बिलाला आणि दुरुस्तीला का निघत नाहीत?

बी रुजण्याच्या त्या व्हिडिओला आम्ही आता सरकीचं विचारणाऱ्या मुलीच्या आजीचा अहिराणीतला आवाज दिला आहे. मोबाइलवर रेकॉर्ड केला, पेनड्राइव्हमध्ये ठेवला. नेट लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या डाएटनी (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी) हे काम हाती घ्यावं, अहिराणी, पावरी, भिली बोलणाऱ्या शिक्षकांना आणि गावातल्या माणसांना बोलवावं. आमच्या आजींना त्यासाठी एक दुपार पुरली.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. जळगाव