मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : जे रुग्ण आलेच नाहीत, तेही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गुणवत्ता तपासणीत नोंदलेल्या सर्व रुग्णांचा हिशोब घेण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

खेड्यातल्या माणसाचा फॅमिली डॉक्टर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाटीवर ३० हजार, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, हा ठरलेला निकष. त्याच्या कामाचा दर्जा राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या तपासणी सूचीनुसार ठरतो. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण मिळतात. एकूण ७० टक्क्यांचा उंबरठा ओलांडला आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, की ३ वर्षांसाठी प्रमाणपत्र मिळते. ही सूची चांगली आहे. तिच्यामुळे अनेक केंद्रांत हात धुवायला पाणी आले आणि सुया-कचऱ्याची शिस्त लागली. आमची तक्रार आहे ती सूची भरण्याच्या पद्धतीबद्दल. तपासणीची तारीख आधी कळते, आठवडाभर रजिस्टरे पुरी केली जातात आणि टक्केवारी ओपीडीत समोर बसलेल्या रुग्णांवरून निघते.

रक्तदाबाचेच घ्या. समजा, एका केंद्रात उच्च रक्तदाबाचे ४०० रुग्ण नोंदलेले आहेत. या तिमाहीत १६० आले, त्यातल्या १२० जणांचा दाब १४०/९०च्या खाली होता. अहवालात ‘७५ टक्के नियंत्रण’ असे लिहिले जाते. खरा आकडा ४००पैकी १२०, म्हणजे ३० टक्के. न आलेले २४० जण औषध घेतात की नाही, हे कोणालाच माहीत नसते आणि अर्धांगवायूचा झटका यायची भीती त्यांनाच जास्त. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. नियंत्रणात, नियंत्रणाबाहेर आणि आलेच नाहीत अशा तिन्ही गटांचा हिशोब त्या उपक्रमाने शिकवला आहे. पद्धत घरचीच आहे, ती प्रत्येक केंद्राच्या तपासणीत सक्तीची करावी.

हा आकडा पडताळायला औषधाच्या खिडकीवर जावे. रक्तदाबावरच्या अमलोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी धरली, तरी ४०० रुग्णांना महिन्याला १२ हजार गोळ्या लागतात. काहींना दोन लागतात, काहींना दुसरे औषध असते, तेवढा फरक सोडू. पण साठा नोंदवहीत महिनाभरात ४ हजारच गोळ्या गेलेल्या दिसल्या आणि रुग्णांच्या उपचार कार्डांवर ४०० जणांचे उपचार चालू दिसले, तर कुठेतरी फट आहे. एक तर गोळ्या संपल्या होत्या, नाहीतर महिन्याऐवजी दहाच दिवसांच्या दिल्या, नाहीतर रुग्ण आलेच नाहीत. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून नेमके काय घडले ते शोधावेच लागते.

रुग्ण का येत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा अज्ञान हे नसते. दहा दिवसांच्या गोळ्यांसाठी महिन्यात तीन खेपा घालायच्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडते. बीडचा ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे निघतो तो थेट उन्हाळ्यात परततो. त्याचे कार्ड गावच्या केंद्रात ‘गैरहजर’ म्हणून पडून राहते. त्याला निघताना ३ महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात आणि कारखान्याजवळच्या केंद्राने त्याच कार्डावर पुढचे औषध द्यावे, एवढी सोय झाली तरी मोठा फरक पडेल. आज तिथे त्याची पुन्हा पहिल्यापासून नोंद होते.

आता दाब मोजण्याविषयी. रुग्ण रांगेतून येतो, उभ्यानेच हात पुढे करतो, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, मोजणे चालू असताना ‘गोळ्या संपल्या का?’ ही चौकशीही चाललेली असते. असा आकडा कुचकामी. ५ मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्यावर दाब जास्त दिसतो आणि नको ती गोळी वाढते. पुष्कळ केंद्रांत मोठा पट्टा नसतोच. डिजिटल यंत्राच्या ५० नोंदी घ्या आणि शेवटचा अंक बघा. शून्य साधारण दहात एकदा यायला हवे. ३०-३५ नोंदी शून्यावरच संपत असतील, पानभर १२०/८० आणि १३०/८० असेल, तर आकडे अंदाजाने लिहिले आहेत. लस ठेवण्याच्या फ्रिजचा तक्ताही असाच बोलका असतो : महिनाभर, रविवारसकट, सकाळ-संध्याकाळ नेमके ४ अंश. लस २ ते ८ अंशांत हवी हे सगळ्यांना पाठ असते, पण गोठून निकामी झालेली पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) पुढे बाळांना टोचली जाते ती अशा तक्त्याआडूनच.

ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, एवढे विचारू नये. समोर चालू करून दाखवायला सांगावे. बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो, मिनिटाला ५ लिटरने तो ५ तास पुरतो. पण सिलिंडर उघडायची चावी कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवरच्या माणसाकडे असेल, तर सर्पदंशाच्या रुग्णाला त्याचा काय उपयोग?

रुग्णाला डॉक्टरांसमोर ‘सेवा कशी वाटली?’ असे विचारले, की ‘चांगली’ हेच उत्तर येते. फाटकाबाहेर भेटून विचारावे : कोणती गोळी दिली, कधी घ्यायची, पुन्हा कधी यायचे? दहापैकी किती जणांना तिन्ही सांगता आली, हा आकडा लिहावा.

एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये २००४पासून फॅमिली डॉक्टरांच्या मानधनाचा काही भाग अशा आकड्यांना जोडला गेला. तिथे वारंवार बोलावूनही न येणाऱ्या रुग्णाला हिशोबातून वगळायची मुभा होती. स्कॉटलंडने ती योजनाच २०१६मध्ये बंद केली. आपल्याकडे या आकड्यांवर बक्षीस किंवा कारणे दाखवा नोटीस लावली, तर दोन महिन्यांत सगळे रक्तदाब कागदावर १३०/८० होतील. खरा आकडा कळवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि आरोग्यसेविकेला अभय हवे. रिक्त पदे आणि गोळ्यांचा तुटवडा हे त्यांच्या हातात नाही.

आमची मागणी : येत्या तिमाहीत प्रत्येक जिल्ह्यातली ५ केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. शेजारच्या तालुक्याच्या पथकाने तिथे न कळवता जावे. रक्तदाबाची २० आणि मधुमेहाची २० कार्डे डोळे मिटून उचलावीत, न आलेल्यांच्या घरी जावे आणि गोळ्यांचा हिशोब जुळवावा. पथकात एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषध निर्माण अधिकारी पुरेत, काम दीड दिवसाचे आहे. निष्कर्ष केंद्राच्या दर्शनी फलकावर मराठीत लावावेत आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावेत.

आपले,
आरोग्य केंद्रांच्या गुणवत्ता तपासणीचे काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि औषध निर्माण अधिकारी