मनू, नुसता आकडा कळव

मनू,
दिवाळीत तू आलेलीस तेव्हा तुझ्या उशाशी ते वेप, म्हणजे ई-सिगारेट, चार्जिंगला लावलेलं दिसलं, मला आधी पेनड्राईव्हच वाटला, मग खोलीत आंब्याचा गोड वास आला तेव्हा समजलं. आईसमोर विषय नको म्हणून गप्प बसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

मुलगी असून असं कसं, हे मी म्हणणार नाही. दादाच्या उशाशी सापडलं असतं तरी हेच लिहिलं असतं. मी स्वतः २२ वर्षं सिगारेट ओढलीये, तू चौथीत असताना सुटली.

तू म्हणशील बाबा यात धूर नाही, नुसती वाफ. तंबाखू जळत नाही हे खरंय पण निकोटीन तेच ना गं, आणि हल्ली ते सॉल्टच्या, म्हणजे क्षाराच्या रूपात घालतात त्यामुळे घशाला बोचत नाही, मग कितीही ओढलं जातं. माझी सिगारेट निदान संपायची तरी. थोटूक टाकायचं, परत टपरीवर जायचं, सुट्ट्या सिगारेटचे पैसे द्यायचे, रात्री कळायचं की आज १४ झाल्या. तुझ्या त्या वस्तूला थोटूकच नाही, दोन लेक्चरच्या मधे ओढ, बाथरूममधे ओढ, सबमिशनच्या रात्री तर हातातच, कोण मोजतंय? तू पण मोजत नसशील.

आणि २०१९ पासून आपल्याकडे वेपची विक्री, आयात, साठा सगळं कायद्याने बंद आहे, म्हणजे तुला जो देतो तो चोरून आणतो, आत काय भरलंय ते तपासणारं कुणी नाही. त्याच सुमारास अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं खराब होऊन २८०० च्या वर लोक ॲडमिट झाले, ६८ गेले. बहुतेकांच्या वेपमधे गांजाचं तेल होतं आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं. तुझ्यात ते आहे असं मी म्हणत नाही, पण आत काय आहे हे त्यांना तरी कुठे माहीत होतं.

मी सोडली तेव्हा डॉक्टरांनी पहिलं विचारलं, सकाळी उठल्यावर किती मिनिटांनी पेटवता? मी म्हटलं पाच, चहाच्या पण आधी. सवय किती मुरलीये ते यावरून कळतं म्हणाले. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. तिसऱ्या दिवशी कंपासपेटी पडली म्हणून तुझ्यावर केवढा ओरडलो, तू रडत झोपलीस, ते मला अजून टोचतं बाळा, चूक तुझी काहीच नव्हती. महिन्याभरात बरंच सुसह्य झालं. निकोटीनचं च्युइंगगम मेडिकलमधे मिळतं, आणि १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाईन फुकट आहे.

शपथ वगैरे नको घेऊस. उद्या उठल्यावर घड्याळ बघ, पहिला झुरका किती मिनिटांनी घेतलास तो आकडा मला मेसेज कर, बाकी काही लिहू नकोस. आईला मी अजून सांगितलेलं नाही.

बाबा