कार्डावरचं ‘एकटीच’

ती. आई-बाबा,
सा. न.

रात्रीचे साडेअकरा झालेत, तुम्ही सगळे झोपलायत आणि मी ओट्याशी स्टुलावर बसून हे लिहितेय. एकाच घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच, पण तोंडाने बोलायला गेलं की रविवारी झालं तेच परत होणार. आणि हे इथे ठेवून जाणार नाहीये, उद्या जाताना जीपीओच्या पेटीत टाकणार, म्हणजे सदाशिव पेठेत तुमच्या हातात पडेपर्यंत मी चेन्नईच्याही पुढे गेलेली असेन आणि बाबांना लगेच उलट उत्तर देता येणार नाही.

विषय तोच, हिमाचलमधल्या हिक्कीमच्या पोस्टातून मी टाकलेलं कार्ड.

बाबा, मला खरंच माहीत नव्हतं की तुम्ही बिल्डिंगमध्ये सगळ्यांना मी लेडीज ग्रुपबरोबर टूरला गेलीये असं सांगून ठेवलंय. ते कार्ड चुकून तळमजल्यावरच्या काकूंच्या पेटीत पडलं, कार्ड म्हणजे उघडंच, पुण्यात ते कोण न वाचता देणार, आणि त्यावर मी चांगलं ठळक अक्षरात लिहिलेलं की एकटीच आलेय इथपर्यंत. काकूंनी रविवारी जिन्यात मला गाठून विचारलं, काय गं, तुझा ग्रुप कुठे राहिला होता? मी हसले, वर आले, तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही एवढे चिडलात की जणू खोटं मीच बोलले होते.

तुम्हाला आधी त्या कार्डाचं सांगते, कारण त्या दिवशी ऐकून घेतलंच नाहीत. 36 वर्षं पोस्टात काढली मी, त्यातली कितीतरी सिटी पोस्टात काउंटरवर. गावं मला पिनकोडवरून पाठ. 629702 म्हणलं की कन्याकुमारी, 623526 म्हणलं की रामेश्वरम. आणि जायची पाळी यायची ती दरवर्षी महाबळेश्वर नाहीतर गणपतीपुळे, तेही सगळ्यांचे डबे भरून. हिक्कीम आम्हा पोस्टवाल्यांना ऐकून माहीत असतं, स्पितीत साधारण 4,400 मीटरवरचं पोस्ट, 1983 साली उघडलं, हिवाळ्यात बर्फ पडला की बंद. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, मला तिथे जाऊन एक पन्नास पैशांचं कार्ड टाकायचं होतं आणि त्यावर पडलेला शिक्का बघायचा होता. बस्स एवढंच.

रेकाँग पिओहून सकाळच्या बसने निघाले ती संध्याकाळी काझाला पोचले, कंबर मोडली. उंचीवर गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस गप पडून राहायचं असतं, नाहीतर डोकं धरतं. तर मी ज्या घरात उतरले होते तिथली बाई चहा ठेवून शेतावर निघून जायची. खिडकीतून तिचं मटारचं शेत दिसायचं, ती वाकून पाटाचं पाणी फावड्याने इकडून तिकडे वळवत असायची, आणि खोलीत सतरंजीवर उन्हाचा एक चौकोन पडायचा तो सरकत सरकत भिंतीवर चढला की समजायचं दुपार गेली. तीन दिवस. कुणाशी चार वाक्यंसुद्धा बोलले नसेन, आणि मला काही म्हणजे काही कमी वाटलं नाही.

आई, तू जन्मभर सांगत आलीस की ताई माझ्यावर गेलीये, तोंडाचा पट्टा बंद नसतो. मलाही तसंच वाटायचं गं. पण काउंटरवर बोलणं हे कामच होतं, घरी आल्यावर ह्यांना कमी ऐकू यायचं म्हणून सगळं दोनदा आणि ओरडून बोलायचं, मग लेकाचा अभ्यास, मग सासूबाई. हे गेले, लेक टोरोंटोला गेला, 2024 ला मी रिटायर झाले, तेव्हा कुठे कळलं की बोलायची सवय होती, आवड नव्हती. बाबा, तुम्ही गॅलरीत पेपर मांडीवर टाकून तासन्‌तास बसता ना, कुणी हाक मारली की दचकता, मी तशी आहे. 61 व्या वर्षी समजलं मी तुमच्यावर गेलेय.

आणि एकटं जाण्याचंच म्हणाल तर 1997 ला रिटायर झाल्यापासून गुडघे जाईपर्यंत तुम्ही रोज पहाटे पर्वती चढलात. एकटे. आईला कधी नेलं नाहीत, खडकीच्या फॅक्टरीतले मित्र बोलवायचे तर टाळायचात. तेव्हा तुम्ही नाही कुणाला सांगितलं की ग्रुपबरोबर जातो म्हणून.

सगळं गोड गोड असतं असं नाही हं. एका गावात रात्री नऊ वाजता लॉजवाल्याने तोंडावर सांगितलं, अकेली लेडीज को रूम नहीं देते. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बॅगेला पाय गुंडाळून रात्र काढली, रडले पण. फोनवर तेव्हा तुम्हाला मस्त हॉटेल आहे म्हणाले, म्हणजे खोटं मीही बोलते, हिशोब फिट्टंफाट. पैशाची मात्र काळजी करू नका, पेन्शन आहे आणि कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येतं त्यात भागतं, आपल्या एसटीत मला अर्धं तिकीट, तुम्हा दोघांना तर फुकटच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत तेवढी मार्च 2020 ला गेली, माझी अठ्ठावन्नची पाळी यायच्या आधीच, नशीब माझं.

आई, तू म्हणालीस हे वय आमच्याजवळ बसायचं. ते मला लागलं, कारण ते खोटं नाहीये. इथे तुमच्या औषधांच्या वेळा सूनबाई सांभाळते म्हणून माझी पावलं मोकळी आहेत, आणि हे मी तिला एकदाही बोलून दाखवलेलं नाही. आज झोपायच्या आधी बोलले. ती नुसतं, ताई, चार्जर घेतलात का, म्हणाली.

अजून एक. परवा बाबांचा हयातीचा दाखला करायला बसलो, अंगठा काही उमटेना, शेवटी फोनसमोर चेहरा धरून केला, तेव्हा पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा, नंबर बघायला मी तुमची पेन्शनची फाईल उघडली होती. त्यात पीपीओच्याच प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ते हिक्कीमचं कार्ड आहे. मी फाईल तशीच बंद केली आणि काही बोलले नाही.

आता उद्या निघतेय ते रामेश्वरम. 1964 च्या डिसेंबरातल्या वादळात पांबनहून निघालेली अख्खी पॅसेंजर धनुष्कोडीजवळ समुद्रात गेली ते लहानपणी तुमच्याकडूनच ऐकलंय, मी तेव्हा काही महिन्यांची होते म्हणून तुम्हाला ते साल लक्षात. पांबनला 6 एप्रिल 2025 ला रेल्वेचा नवा पूल सुरू झालाय, जहाज आलं की मधला 72.5 मीटरचा तुकडा लिफ्टसारखा सरळ 17 मीटर वर उचलला जातो. तो कसा उचलतात, मोटरी कुठे आहेत, वजनं कुठे लटकवलीयत ते सगळं नीट बघून कळवते, तुम्हाला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त समजेल.

कार्डावरच कळवणार आहे. पाकिटात घालून पाठवणार नाही. काकूंच्या पेटीत पडलं तर पडू दे.

डोळ्यांचे ड्रॉप्स फ्रीजच्या दारात ठेवलेत, दुपारचे चुकवू नका.

तुमची,
ताई